अंगारकीला खाल्लेले शंकरपाळे

"बावीस वर्षं, मॅडम! बावीस वर्षांत चंद्र बघितल्याबिगर अंगारकी सोडली न्हाई म्या. आन् ही पोरगी लिहितीय, गंगाधर लोखंडे यांनी दुपारी साडेतीनला शंकरपाळे खाल्ले!"

गंगाधरमामा गोजमगुंडे मॅडमच्या केबिनच्या दारात उभे होते. त्यांच्या हातात माझ्या प्रबंधाच्या परिशिष्टातलं एक पान होतं. मामा आमच्या अन्नतंत्रज्ञान विभागाचे प्रयोगशाळा परिचर. एरवी बोलणं जेमतेम. दिवसाकाठी दहा वाक्यं झाली तरी खूप. त्या सकाळी त्यांनी दोन मिनिटांत आठवड्याचा कोटा संपवला.

मी मॅडमच्या समोरच्या खुर्चीत बसले होते. मॅडम माझ्या गाईड. एम.टेक.चा प्रबंध एकतीस तारखेला सादर करायचा होता, त्याला वीस दिवस उरले होते. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला पुण्यातल्या एका बिस्किट कंपनीत रुजू व्हायचं होतं, आणि कंपनीची एकच अट होती, प्रबंध सादर झाल्याची पावती. ही नोकरी मला इतकी हवी होती की मी पुण्यातल्या खोलीसाठी पडद्याचं कापडसुद्धा घेऊन ठेवलं होतं.

"बसा मामा," मॅडम म्हणाल्या. "काय झालं ते नीट सांगा."

"बसतो कशाला? कालपसून ही बोलंना झालीय घरात. भाकरी बी न्हाई टाकली."

ही म्हणजे मामी. झालं होतं असं, की परिशिष्टाची झेरॉक्स काढून आणायला मी मामांनाच पाठवलं होतं. आपलं नाव पुस्तकात छापून येतंय, तेही सात वेळा, हे पाहून मामांनी स्वतःच्या सात पानांची एकेक जादा प्रत काढली आणि कौतुकानं घरी नेली. मामींनी ती जमिनीवर मांडली, एकेक तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिली आणि पाचव्या पानावर त्यांचं बोट थांबलं. मंगळवार, संकष्टी चतुर्थी. म्हणजे अंगारकी.

आता ही सात पानं कसली, ते सांगते. माझा विषय होता ज्वारीचे जवस घातलेले शंकरपाळे. जवस फार गुणाचं, पण त्याचं तेल लवकर खवट होतं. म्हणून मी पिठात कढीपत्त्याची पूड घातली होती आणि ती घातल्यावर शंकरपाळे किती दिवस टिकतात ते बघत होते. दर पंधरा दिवसांनी बारा जणांना खायला द्यायचे आणि प्रत्येकानं रंग, गंध, चव, कुरकुरीतपणा यांना एक ते नऊ गुण द्यायचे. सरासरी सहाच्या खाली गेली की माल बाद. पहिल्या दिवसापासून नव्वदाव्यापर्यंत अशा सात बैठका. बारा जणांत प्राध्यापक होते, कारकून होते, खुद्द मॅडम होत्या, आणि मामा होते. मामांची जीभ विभागात प्रसिद्ध होती. चिमूटभर मीठ कमी पडलं तरी त्यांना कळायचं. शेऱ्याच्या रकान्यात मात्र ते दर वेळी एकच गोष्ट लिहायचे, 'पंखा बंद करा.' पंख्यानं वास उडतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

मॅडमनी पान हातात घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट माझ्यासाठी काळजीच होती.

"चव घेऊन थुंकलं असेल का मामा? आपण कधी कधी तसं करतो."

"जिभेला लागलं म्हंजी लागलं, मॅडम."

"मग तारीख चुकली असेल. केतकी, टाइप करताना चूक झाली का?"

मॅडमनी आयती पळवाट दाखवली आणि मी तीत घुसले.

"हो मॅडम. सोमवार होता. चुकून मंगळवार पडलं."

"सोमवारी?" मामा म्हणाले. "सोमवारी म्या जिंतूरला हुतो. साडूच्या नातवाचं बारसं हुतं."

"मग बुधवार. बुधवारच होता. आता आठवलं."

"बुधवार," मॅडम म्हणाल्या आणि माझ्यासमोरचा परिशिष्टाचा गठ्ठा ओढून चाळायला लागल्या. एका पानावर थांबल्या. चष्मा वर केला, खाली केला. मग मोठ्यानं वाचलं, "डॉ. नलिनी गोजमगुंडे. गंध सहा, चव सहा. शेरा, 'सौम्य जुनाट गंध, तथापि एकूण उत्पादन स्वीकारार्ह.'"

मी मान हलवली. का हलवली ते मला आजही सांगता येत नाही.

"मी तो अख्खा आठवडा कोइमतूरला होते, केतकी. परिषदेला. तूच मला स्टेशनवर सोडायला आली होतीस. वरून डब्यात पराठे दिले होतेस."

आता मात्र बुधवारनंतर माझ्याकडे वार उरला नव्हता.

मॅडमनी मामांचं पान पुन्हा उचललं. "मामांचा शेराही बघ. 'कुरकुरीतपणा समतोल, आस्वादोत्तर अनुभूती सुखद.' मामा, आस्वादोत्तर अनुभूती म्हणजे काय?"

"मला काय म्हाईत? मी असलं कायबी म्हणालो न्हाई."

"पंखा बंद करा असंही कुठे नाही," मॅडम म्हणाल्या. "बाराही पत्रकांत पंख्याविरुद्ध कुणाचीच तक्रार नाही. आपल्या विभागात हे शक्य आहे का?"

मग मी रडले नाही, सरळ सांगून टाकलं. रडणं नंतरसाठी ठेवलं होतं.

साठाव्या दिवसाची बैठक झालीच नव्हती. त्या मंगळवारी मी पुण्याला मुलाखतीला गेले होते. त्यामुळे त्या दिवशी अंगारकी होती, हेदेखील मला माहीत नव्हतं. मुलाखतीच्या दिवशी माणूस कॅलेंडर बघत नाही, घड्याळ बघतो. गुरुवारी परत आले तर निम्मे लोक परीक्षेच्या कामाला लागलेले. नंतर बघू म्हटलं. मॅडमनी फोनवर विचारलं, बैठक झाली का, तेव्हा हो म्हणाले. पुढची पंचाहत्तराव्या दिवसाची बैठक व्यवस्थित झाली. पण प्रबंध लिहायला बसले तेव्हा तक्त्याच्या मधोमध तो रिकामा रकाना आ वासून होता. पंचेचाळीसाव्या दिवशी सरासरी आठ, पंचाहत्तराव्या दिवशी चार. मधे काय? मग मी एआयला विचारलं.

"काय विचारलंस? उघड लॅपटॉप."

उघडला. मॅडमनी माझा प्रश्न वाचला. 'सोबत पंचेचाळीसाव्या आणि पंचाहत्तराव्या दिवसाची पत्रकं दिली आहेत. साठाव्या दिवसाची बारा जणांची पत्रकं शेऱ्यांसह तयार कर. खरी वाटली पाहिजेत.' शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं. मग त्या खाली खाली जात राहिल्या आणि तक्त्याच्या शेवटी थांबल्या. तिथे काय होतं ते मला पाठ होतं.

"'हे गुण आणि शेरे काल्पनिक आहेत,'" मॅडम वाचत होत्या. "'प्रत्यक्ष प्रयोगाची नोंद म्हणून ते वापरू नयेत. बैठक झाली नसल्यास रकाना रिकामा ठेवून कारण नमूद करावं.' हे तू वाचलं होतंस?"

"हो."

"मग याचं काय केलंस?"

"कॉपी करताना तेवढं सोडलं."

मामा आतापर्यंत दाराला टेकून ऐकत होते. ते दोन पावलं पुढे आले. "म्हंजी त्या मशीननं सांगितलं हुतं, हे खोटं हाय म्हणून?"

"हो मामा."

"सोताहून?"

"हो."

मामांनी लॅपटॉपकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. दोघांत कोण बरं, याचा त्यांनी मनाशी काहीतरी निकाल लावला आणि तो माझ्या बाजूनं नव्हता हे दिसत होतं.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मग म्हणाल्या, "मीही वापरते की एआय. माझं इंग्रजी सुधारून घेते, आलेख काढून घेते, कधी माझ्या मुद्द्यात चूक काढ म्हणते आणि तो काढतोही. त्यात लपवण्यासारखं काही नाही, कुठे वापरलं ते लिहायचं आणि काय दिलंय ते तपासायचं. पण साठाव्या दिवशी चव कशी होती, हे त्याला कसं माहीत असणार? त्यानं खाल्लंय का?"

"नाही."

"आता दोन वाटा आहेत. हे बाराच्या बारा कागद फाड, रकाना रिकामा ठेव, त्याखाली खरं कारण लिही आणि पंचेचाळीस दिवसांपर्यंतचाच निष्कर्ष काढ. एकतीसला सादर होईल, नोकरीही मिळेल. नाहीतर नवा घाणा तळ आणि साठ दिवस थांब."

"पहिली," मी ताबडतोब म्हणाले. साठ दिवसांची वाट मी ऐकलीसुद्धा नाही.

"बरं. पण त्याआधी एक काम. आज संध्याकाळी मामांच्या घरी जायचं आणि मामींना सगळं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. माणसाची भाकरी बंद झालीय तुझ्यामुळे."

मामा कॉलेजच्या मागच्या क्वार्टरमध्ये राहत. मी पाचला गेले तेव्हा मामी ओट्यावर मेथी निवडत होत्या. मामा आतल्या खोलीत होते आणि दार अर्धवट उघडं होतं, म्हणजे ते ऐकत होते. मामींनी मला बस म्हटलं, पाणी दिलं, आणि मेथीची एक जुडी माझ्याही पुढ्यात सरकवली. गुन्हा कबूल करताना हाताला काम असलं की बरं पडतं.

"मामी, मामांनी अंगारकीला काहीही खाल्लं नव्हतं. ते मी खोटं लिहिलं होतं."

"चाटलं बी न्हाई?"

"चाटलंही नाही. त्या दिवशी शंकरपाळे कुणीच खाल्ले नाहीत. बैठक झालीच नाही."

"मग चव कुणी लिहिली?"

"कॉम्प्युटरनं."

"त्यानं खाल्ले?"

"नाही मामी."

मामींच्या हातातली काडी तशीच राहिली. "कुणीच खाल्लं न्हाई, आन् चव लिहिली!" त्यांनी जुडी बाजूला ठेवली. मग आत तोंड करून हाक मारली, "अवं, हात-पाय धुवा. पिठलं टाकते."

आतून लगेच बादलीचा आवाज आला. मला इतकं हलकं वाटलं की मी उठलेच. चप्पल पायात सरकवत होते तेवढ्यात मामींनी विचारलं,

"मग टिकत्यात का गं साठ दिवस?"

"पंचेचाळीस नक्की टिकतात."

"म्या साठ इचारलं. आमच्या बचत गटानं मॅडमकडं तेच तर इचारलं हुतं. तुमचे हे शंकरपाळे आमी करणार, पाकिटावर साठ दिवस छापायचं ठरतंय. आमच्यात जवसाची चटणी तीन आठवड्यांत खवट हुती. पोरंसोरं खाणार. टिकत्यात का, न्हाई का?"

बचत गटाचं मला माहीत होतं. प्रबंधाच्या प्रस्तावनेत 'ग्रामीण महिलांसाठी उपयुक्तता' असा परिच्छेद होता, तो मीच लिहिला होता. पण त्या ग्रामीण महिला म्हणजे समोर बसून मेथी निवडणाऱ्या मामी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

मामी हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. मला तिथे, त्या ओट्यावर, भयंकर लाज वाटली. सकाळी केबिनमध्ये पकडले गेले होते तेव्हा वाटली नव्हती, तेव्हा नुसती भीती होती. दोन वर्षं मी एकाच प्रश्नाचं उत्तर शोधत होते आणि ज्या बाईला ते हवं होतं तिला ते देता येत नव्हतं.

रात्रभर पडद्याच्या कापडाचा विचार करून झाल्यावर सकाळी मॅडमकडे गेले. "नवा घाणा तळते," म्हटलं.

"कंपनी?"

"फोन करते."

कंपनीतले गृहस्थ फार सभ्य होते. माझ्या प्रामाणिकपणाचं त्यांनी कौतुक केलं, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा दिल्या आणि ती जागा आठवड्याभरात दुसऱ्या कुणाला तरी दिली. मी भांडारात पिठाच्या डब्यांच्या मागे जाऊन तासभर रडले. मामांनी चहा आणून डब्यावर ठेवला, जरा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "झालं की सांग. डबे धुवायचेत."

नवा घाणा तळायला मामी स्वतः आल्या. माझं पीठ मळणं बघून त्यांनी परात ओढून घेतली, तरी प्रमाण मात्र मी वहीत बघूनच टाकलं आणि त्यांनीही ते टाकू दिलं. पाकिटं भरली, सील केली, कपाटात ठेवली. त्याच दिवशी मॅडमनी मला पुन्हा एआयपुढे बसवलं. मी दचकले.

"विचार त्याला, पण उघडपणे विचार. पंचेचाळीसला आठ, पंचाहत्तरला चार, तर साठाव्या दिवशी किती असतील असं वाटतं? अंदाज सांग म्हण, खरं वाटेल असं लिही म्हणू नको."

त्यानं अंदाज दिला, सहा. आणि हा केवळ अंदाज आहे, प्रत्यक्ष चाचणी करावी, असंही बजावलं. या वेळी मी ते वाक्यही कॉपी केलं. कागद छापून, त्यावर तारीख घालून मॅडमनी तो पाकिटात बंद केला.

साठावा दिवस बुधवारी येत होता. मी पंधरा दिवस आधीच मामींना विचारून ठेवलं होतं.

"नवमी हाय," त्या म्हणाल्या. "खुशाल खा."

बाराही जण आले. मॅडम कुठेही गेल्या नव्हत्या. मी बशा मांडत होते आणि मनात एकच, सहा पडू दे, देवा, फक्त सहा. सहा पडले तर गटाच्या पाकिटावर साठ छापता येणार होतं आणि माझे दोन महिने सत्कारणी लागणार होते. मी स्वतः वास घेऊन बघितला तर मला छानच वाटला. पण माझं नाक माझ्याच बाजूचं होतं.

मामा खिडकीजवळच्या टेबलाशी बसले. त्यांनी वर बघितलं. मी धावत जाऊन पंखा बंद केला. त्यांनी एक शंकरपाळा उचलला, नाकाशी नेला, तोंडात टाकला, डोळे मिटले. दोनदा चावून त्यांचा चेहरा असा झाला की मला पेन्सिल खाली ठेवावी लागली. ते तांब्याभर पाणी प्यायले आणि लिहायला लागले.

सरासरी आली तीन. मॅडमनी तीन दिले होते, मामांनी दोन.

मॅडमनी बंद पाकीट फोडून दोन्ही कागद शेजारी ठेवले. एआयनं आठ आणि चारच्या बरोबर मधलं सहा काढलं होतं, आणि खरं सांगायचं तर मीही तेच काढलं असतं. पण तेल असं रोज थोडं थोडं मापानं बिघडत नाही. ते बरेच दिवस तग धरतं आणि मग एका आठवड्यात हात टेकतं. पुढे पंचाहत्तराव्या दिवशी परत चार आले ते कसे, असं विचाराल तर तो पहिला घाणा होता. नवा घाणा आम्ही पंचाहत्तराव्या दिवशीही चाखला आणि तिथे दोन पडले. जुन्या घाण्यातले ते चार बहुधा लोकांनी माझ्याकडे बघून दिले होते, मॅडमनी हेही मला प्रबंधात लिहायला लावलं.

अंदाज आणि प्रत्यक्ष, असे दोन रकाने शेजारी शेजारी छापले. एआय कुठे वापरलं, कशासाठी, कुणी तपासलं, याचं एक वेगळं पान जोडलं. बाहेरून आलेले परीक्षक बाकी काही न वाचता त्या दोन रकान्यांवर तासभर बोलले. बचत गटानं पाकिटावर पंचेचाळीस दिवस छापलं. नोकरी मला वर्षभरानं दुसरीकडे लागली, बिस्किटांची नव्हे, लोणच्यांची. तिथल्या चव-चाचणीच्या खोलीत मी पहिल्याच दिवशी भिंतीवर कॅलेंडर लावून घेतलं. का, ते तिथे कुणालाच कळलं नाही.

या सगळ्याला चार वर्षं होत आली. मागच्या महिन्यात मामा निवृत्त झाले म्हणून भेटायला गेले होते. कॅलेंडर ज्या खिळ्याला टांगलेलं असतं, त्याच खिळ्याला मामींनी एक लॅमिनेट केलेला कागद अडकवला होता. मामांचं साठाव्या दिवसाचं पत्रक. माझ्या शंकरपाळ्यांना दोन गुण देणारा कागद मामींच्या घरात देवाच्या फोटोशेजारी होता.

"आल्यागेल्याला दाखवते ती," मामा लाजून म्हणाले.

मी जवळ जाऊन वाचलं. त्या दिवशी सरासरी काढायच्या घाईत मी फक्त आकडे आणि 'खवट' एवढा शब्द बघितला होता. शेऱ्याचा रकाना मात्र भरून वाहत होता, अक्षरं कडेनं खाली उतरली होती. तिथे मामांनी लिहिलं होतं, 'खवट झालं आहे. आज बुधवार. मी स्वतः खाल्लं आहे. पंखा बंद होता.'